पानांच्या रसातले नॅनोकण आणि कर्करोगाचे औषध

वाचकहो, गेल्या काही महिन्यांत आपल्यापैकी अनेकांनी एकाच विषयावर विचारणा केली आहे. कोणी वृत्तपत्रातील कात्रण पाठविले, कोणी मोबाइलवर आलेला मजकूर छापून घेऊन दवाखान्यात आणला. मथळे निरनिराळे असले तरी आशय एकच. अमुक वनस्पतीच्या पानांपासून तयार केलेल्या जस्ताच्या, लोहाच्या किंवा तांब्याच्या अतिसूक्ष्म कणांनी कर्करोगाच्या पेशी नष्ट केल्या. पद्धत पर्यावरणपूरक आहे. निरोगी पेशींना धक्का लागत नाही. पत्र लिहिणाऱ्यांचा प्रश्न मात्र बातमीत कोठेच नसतो. तो असा असतो : "डॉक्टर, हे औषध आमच्या ह्यांना केव्हा मिळेल, आणि कोठे?"

उत्तर आधीच सांगून टाकतो. वनस्पतींच्या साहाय्याने बनविलेल्या धातू-ऑक्साइडच्या नॅनोकणांचे कर्करोगावरील एकही मान्यताप्राप्त औषध आज उपलब्ध नाही. सांगली-मिरजेत नाही, मुंबईच्या टाटा रुग्णालयात नाही, परदेशातही नाही. तरीसुद्धा हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यामागे खरे विज्ञान आहे, आणि त्यातील एक महत्त्वाचे पान आपल्या पुण्यात लिहिले गेले आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

धातूचे ऑक्साइड हा शब्द दचकविणारा वाटतो. वस्तू मात्र आपल्या घरातलीच आहे. उन्हाळ्यात घामोळ्यांवर लावतो ते गुलाबी कॅलामाइन लोशन म्हणजे मुख्यतः झिंक ऑक्साइड, आणि त्याला तो गुलाबी रंग येतो लोहाच्या ऑक्साइडमुळे. दंतवैद्य दातात तात्पुरते सिमेंट भरतात, तेव्हा झिंक ऑक्साइडची भुकटी लवंगेच्या तेलातील युजेनॉलमध्ये कालवतात. धातूचे ऑक्साइड आणि वनस्पतीचा अर्क यांची जोडी अशी फार जुनी आहे. नवीन आहे तो आकार. एक नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग. माणसाच्या केसाची जाडी साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर भरते. आपण ज्यांविषयी बोलत आहोत ते कण बहुधा १० ते १०० नॅनोमीटरचे. एवढ्या लहान आकारात त्याच पदार्थाचे गुणधर्म बदलतात. पृष्ठभाग प्रचंड वाढतो, कण अधिक क्रियाशील होतो आणि पेशीच्या आत शिरू शकतो. कॅलामाइन त्वचेवर निमूटपणे बसून राहते, तसे हे कण बसून राहत नाहीत. त्यांचा उपयोगही यातूनच निघतो आणि धोकाही यातूनच.

आता पुण्याची गोष्ट. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३-०४ च्या सुमारास सोन्याचांदीच्या क्षारांचे द्रावण वनस्पतींच्या पानांच्या अर्कात मिसळून पाहिले. जिरेनियमची पाने, कडुनिंबाची पाने, गवती चहाच्या कुळातील लेमनग्रास. अर्कातील घटकांनी धातूचे अतिसूक्ष्म कण तयार करून दिले. लेमनग्रासपासून मिळालेल्या सोन्याच्या त्रिकोणी पापुद्र्यांविषयीचा त्यांचा निबंध २००४ मध्ये 'नेचर मटेरियल्स' या अग्रगण्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एरवी असे कण बनविताना सोडियम बोरोहायड्राइड किंवा हायड्रॅझिन यांसारखी तीव्र व घातक रसायने वापरावी लागत. त्यांचे काम पानांचा काढा करतो, ही कल्पना जगभर उचलली गेली. पुढे सोन्याचांदीवरून गाडी जस्त, लोह, तांबे, टिटॅनियम, सेरियम यांच्या ऑक्साइडांकडे वळली. आज भारतातील असंख्य महाविद्यालयांतून असे प्रयोग होतात. साहित्य स्वस्त, वनस्पती दाराशी, आणि निकाल लवकर हाती येतो.

कृती थोडक्यात सांगतो, कारण तिच्यातच पुष्कळ प्रश्नांची उत्तरे आहेत. पाने धुऊन, चिरून पाण्यात उकळतात व गाळून घेतात. त्या अर्कात झिंक नायट्रेट किंवा झिंक ॲसिटेटचे द्रावण घालून गरम करीत ढवळत राहतात. तळाशी साका बसतो. तो धुऊन वाळवितात आणि बहुतेक वेळा भट्टीत सुमारे ४०० अंश सेल्सिअसला काही तास भाजतात. उरते ती पांढरट भुकटी. आता विचार करा : ४०० अंशांवर पानातील कोणता औषधी घटक शाबूत राहील? त्यातील बहुतांश जळून जातो. म्हणजे 'कडुनिंबापासून बनविलेले नॅनोकण' यात कडुनिंबाचे गुण उतरलेले असतात, असे गृहीत धरण्याचे कारण नाही. पानांनी बहुधा भटारखान्यातील मदतनिसाचे काम केलेले असते. ताटात येते ते झिंक ऑक्साइड. काही प्रयोगशाळा साका न भाजता कमी तापमानालाच वाळवितात. तेथे वनस्पतीचे अंश कणांभोवती चिकटून राहतात खरे, पण ते किती आणि कोणते, हे दर वेळी वेगळे निघते. आषाढात तोडलेले पान आणि चैत्रात तोडलेले पान एकसारखे नसते, हे आपल्या शेतकरी वाचकांना मी सांगायला नको. औषधाची प्रत्येक गोळी मात्र मागच्या गोळीसारखीच असावी लागते.

जाणकार वाचकांना येथे जसद भस्माची आठवण होईल, आणि ती अस्थानी नाही. जस्त वनस्पतींच्या रसांत संस्कारित करून पुनःपुन्हा पुटे देऊन भाजले, की तयार होणारे भस्म मुख्यतः झिंक ऑक्साइडच असते आणि त्यात नॅनो आकाराचे कणही आढळतात. परंतु या साम्यावरून 'आपल्याकडे हे औषध हजार वर्षांपासून आहेच' असा निष्कर्ष काढणारे लोक एक मोठी उडी मारतात. भस्माने मनुष्याचा कर्करोग बरा होतो, याला चाचण्यांचा आधार नाही. शिवाय भस्म नीट सिद्ध झालेले नसेल, तर काय होते तेही पाहावे. अमेरिकेतील बोस्टन शहरात विक्रीस असलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी होऊन २००४ मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक यांचे प्रमाण लक्षणीय होते. मी आयुर्वेदाचा विरोधक नाही. माझ्याच घरात च्यवनप्राश असतो. पण कोणत्याही पॅथीचे असो, धातू पोटात घ्यायचे तर तो कोठून आला आणि किती शुद्ध आहे, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

मग कर्करोगाच्या पेशी या कणांनी मरतात, ही बातमी खोटी का? नाही, ती खरी आहे. झिंक ऑक्साइड आम्लधर्मी परिसरात विरघळते. कर्करोगाच्या गाठीचा आतला भाग निरोगी ऊतींपेक्षा थोडा अधिक आम्ल असतो, आणि पेशीने गिळलेला कण ज्या पिशवीसारख्या कप्प्यात जातो, तेथे तर आम्लता बरीच जास्त असते. तेथे कण विरघळून जस्ताचे आयन मोकळे होतात, प्राणवायूची अतिक्रियाशील रूपे निर्माण होतात, पेशीचे ऊर्जाकेंद्र कोलमडते आणि पेशी स्वतःचा शेवट करून घेते. तर्क सुंदर आहे. पण हे घडते एका काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बशीत. तेथील पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रासारख्या संस्थेकडून मागविलेल्या, वर्षानुवर्षे प्रयोगशाळेत वाढविल्या गेलेल्या असतात. त्यांना यकृत नाही, मूत्रपिंड नाही, रक्ताभिसरण नाही. कण थेट त्यांच्या अंगावर ओतला जातो. अशा बशीतील पेशी साबणाच्या पाण्यानेही मरतात.

शरीरात शिरल्यावर कणाचा प्रवास सोपा नसतो. रक्तात उतरताच त्याच्यावर प्रथिनांचा थर चढतो. परके कण टिपणाऱ्या पेशी त्याला ओळखतात आणि यकृत व प्लीहेत नेऊन साठवितात. गाठीतील रक्तवाहिन्या सच्छिद्र असल्यामुळे नॅनोकण तेथे आपोआप जमतील, अशी आशा १९८६ मध्ये जपानी संशोधकांनी मांडलेल्या निरीक्षणापासून बाळगली गेली. ती उंदरांत बरीचशी दिसली. परंतु दहा वर्षांतील अशा प्राणिप्रयोगांचा २०१६ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्या कणांचे मध्यमान निघाले अवघे ०.७ टक्के. बाकीचे ९९ टक्के शरीरात अन्यत्र. सत्तरीच्या माणसाची मूत्रपिंडे आधीच थकलेली, मधुमेह पंधरा-वीस वर्षांचा, यकृतावर चार गोळ्यांचा भार. त्याच्या शरीरात हे ९९ टक्के काय करतील, हा प्रश्न बातमीच्या मथळ्यात मावत नाही.

धातू-ऑक्साइडचे कण मग रुग्णालयात कोठेच नाहीत काय? आहेत, आणि ही माहिती आपल्याला आवडेल. लोह-ऑक्साइडचे सूक्ष्म कण मूत्रपिंडाच्या रुग्णांतील पांडुरोगावर शिरेतून देण्यास अमेरिकेत २००९ मध्ये मान्यता मिळाली. मेंदूच्या एका दुर्धर गाठीत लोह-ऑक्साइडचे कण टोचून, बाहेरून चुंबकीय क्षेत्राने ते तापवून गाठ भाजण्याची एक जर्मन पद्धत २०१० मध्ये युरोपात मान्य झाली. ती बनविणारी कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली. मान्यता मिळाली म्हणजे उपचार रुळला, असे होत नाही, ते असे. तिसरे उदाहरण हॅफ्नियम ऑक्साइडचे. स्नायू, चरबी यांसारख्या मृदू ऊतींच्या कर्करोगात हे कण थेट गाठीत टोचतात आणि मग किरणोपचार देतात. कण किरणांचा परिणाम वाढवितात. सुमारे १८० रुग्णांच्या चाचणीत, शस्त्रक्रियेच्या वेळी गाठीतील कर्करोग जवळजवळ संपूर्ण नष्ट झालेला आढळला तो कण दिलेल्यांपैकी १६ टक्क्यांत आणि केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी ८ टक्क्यांत. त्या आधारे २०१९ मध्ये युरोपात मान्यता मिळाली. या तिन्हींत पानांचा अर्क कोठेही नाही. त्यांना मान्यता मिळाली ती माणसांवरील चाचण्यांमुळे, आणि तोच टप्पा पानांच्या कणांनी अद्याप गाठलेला नाही.

वनस्पतींनी कर्करोगाला खरोखर काय दिले, हे पाहायचे असेल तर आपल्याला फार दूर जावे लागत नाही. कोयना खोऱ्यातील जंगलात नरक्या नावाचे झाड आहे. त्याची चोरटी तोड आणि तस्करी यांच्या बातम्या आपण अधूनमधून वाचता. त्याला एवढी किंमत आहे, कारण त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य असते. हे द्रव्य अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून वेगळे केले आणि १९७२ मध्ये भारतीय संशोधकांनी ते नरक्यात असल्याचे दाखविले. बशीतील कर्करोगाच्या पेशी त्याने धडाधड मरत. रुग्णांना दिल्यावर मात्र मूत्राशयातून रक्तस्राव व्हावा, रक्तपेशी घटाव्यात, असे तीव्र दुष्परिणाम झाले आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूत फेरफार केले, आणि त्यातून आलेली टोपोटेकान व इरिनोटेकान ही औषधे १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. तीस वर्षे लागली. आज ती मोठ्या आतड्याच्या, अंडाशयाच्या, फुप्फुसाच्या कर्करोगात वापरली जातात. आपल्या अंगणातील सदाफुलीतून आलेले व्हिन्क्रिस्टिन १९६३ पासून वापरात आहे आणि रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या असंख्य मुलांना त्याने वाचविले आहे. पण सदाफुलीची पाने चघळून कोणी बरे होत नाही. औषधाची मात्रा मिलिग्रॅमच्या हिशेबाने ठरते आणि ती चुकली तर मज्जातंतू जातात. केमोथेरपीतील बरीच औषधे मुळात वनस्पतिजन्यच आहेत, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. 'वनस्पतीपासून म्हणून सौम्य' हा समज ठेवणाऱ्याने सदाफुलीकडे पाहावे.

'पर्यावरणपूरक' या शब्दाविषयीही एक वाक्य. घातक रसायने टळतात ती कण बनविताना. तयार झालेले झिंक ऑक्साइडचे कण ओढ्यात वा नदीत गेले, तर पाण्यातील शेवाळाला व सूक्ष्म जीवांना ते अपायकारकच असतात, मग ते कृष्णाकाठच्या निंबाने बनविलेले असोत की कारखान्यात.

हे सर्व मी विस्ताराने लिहितो आहे, त्याचे कारण दवाखान्यात दिसते. काही दिवसांपूर्वी विश्रामबागेतील एक सूनबाई सासऱ्यांना घेऊन आल्या. वय चौऱ्याहत्तर, तोंडाचा कर्करोग, गाठ लहान, मानेत पसरलेली नाही. शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती. त्यांनी पिशवीतून एक बाटली काढली. लेबलवर 'हर्बल नॅनो' एवढेच ठळक. घटकांची नावे नाहीत, उत्पादन परवान्याचा क्रमांक नाही, किंमत मात्र चार आकडी. विकणाऱ्याने सांगितले होते की तीन महिने घ्या, ऑपरेशनची गरज उरणार नाही. सासरे मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, जबडा कापायला मी घाबरत नाही. पण जेवताना सुनेसमोर लाळ गळेल, त्याला घाबरतो." बाटलीचा खरा ग्राहक ही भीती होती. तिच्याविषयी त्यांनी शल्यचिकित्सकाला एक शब्दही विचारला नव्हता. त्या दिवशी आम्ही नॅनोकणांविषयी पाच मिनिटे बोललो आणि लाळेविषयी, गिळण्याच्या व्यायामांविषयी, कवळीविषयी अर्धा तास. त्यांनी ठरलेल्या तारखेला शस्त्रक्रिया करून घेतली.

तीन महिने हा काळ तोंडाच्या कर्करोगात लहान नसतो. बरे होण्याजोगा कर्करोग असताना ज्यांनी प्रस्थापित उपचार टाळून केवळ पर्यायी उपचार घेतले, अशा २८१ अमेरिकन रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यातील मृत्यूचा धोका प्रस्थापित उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट होता. स्तनाच्या कर्करोगात तर पाच पटींहून अधिक. कुटुंबीयांनी हे आकडे आजारी माणसाच्या तोंडावर फेकू नयेत. त्यांनी स्वतः मात्र ते लक्षात ठेवावेत.

काळजी घेणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. आजारी माणूस "मला तो पाल्याचा उपचार हवा" असे म्हणतो, तेव्हा त्याला काय टाळायचे आहे ते शोधा. केस जाणे? उलट्या? मुलाचा खर्च? मुंबईला जाणे? यांतील पुष्कळ गोष्टींवर आज मार्ग आहे. उलट्या थांबविणारी औषधे वीस वर्षांपूर्वीपेक्षा खूपच चांगली झाली आहेत. वृद्ध रुग्णाची ताकद, मूत्रपिंडे, चालणे-फिरणे पाहून केमोथेरपीची मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते, कधी ती न देणेही शहाणपणाचे ठरते. मिरजेत कर्करोगावर उपचार करणारे रुग्णालय आहे. प्रत्येक वेळी मुंबई गाठावी लागतेच असे नाही. खर्चाचे म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार येतात, आणि ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर कुटुंबामागे वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. कार्ड आधारवर निघते. आजार होण्याची वाट न पाहता ते काढून ठेवावे. आणि बरे होण्याची वेळ निघून गेली असेल, तरी वेदना शमविणारी परिहारसेवा असते. मॉर्फिनच्या गोळीला घाबरून माणसाला तळमळत ठेवू नये.

आणि कोणी खरोखरच नवीन नॅनो उपचाराच्या चाचणीत भाग घेण्याविषयी विचारले तर? भारतात माणसांवरील औषधचाचणीची नोंद भारतीय क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत चाचणी सुरू होण्यापूर्वी करणे २००९ पासून बंधनकारक आहे. तेथे कोणालाही विनामूल्य शोध घेता येतो. नातवंडांपैकी एखादे दोन मिनिटांत पाहून देईल. नोंदणी क्रमांक सांगता येत नसेल, तर ती चाचणी नव्हे. खऱ्या चाचणीत लेखी संमती घेतली जाते, नैतिकता समितीची मंजुरी असते, चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाईची तरतूद असते. चाचणीतील औषधाच्या बाटलीचे पैसे कोणी काउंटरवर मागू लागला, तर उठून घरी यावे. कर्करोग बरा करण्याच्या दाव्याची जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने गुन्हा आहे, हेही त्याला जाता जाता सांगायला हरकत नाही.

शेवटी, आपल्यापैकी कित्येकांनी विचारलेला हळदीचा प्रश्न, कारण सांगलीत हळदीला वगळून कर्करोगावर बोलणे शक्य नाही. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली आपली हळद आमटीत, भाजीत, दुधात नेहमीसारखी घ्यावी. केमोथेरपी चालू असतानाही स्वयंपाकातील हळदीला माझी हरकत नाही. कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते, म्हणून ते मिऱ्यातील पायपेरीनबरोबर किंवा 'नॅनो' रूपात कॅप्सूलमधून विकतात. तेथे मात्र थांबावे. शोषण वाढते तसे यकृताला इजा झाल्याची उदाहरणेही नोंदली गेली आहेत, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. गुळवेल, जस्ताच्या गोळ्या, ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल यांनाही हेच लागू. जस्त दीर्घकाळ अधिक मात्रेत घेतल्याने शरीरातील तांबे कमी होऊन उलट पांडुरोग होतो. ग्रीन टीमधील एक घटक मायलोमा या कर्करोगावरील बोर्टेझोमिब औषधाला निष्प्रभ करतो, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. तेव्हा पुढच्या वेळी कर्करोगतज्ज्ञांकडे जाताना अशा सर्व बाटल्या, पुड्या, काढ्याचे पाकीट, जे जे चालू असेल ते एका पिशवीत घालून न्यावे आणि टेबलावर ठेवावे. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नये. रागावले तरी आठवडाभर आधी समजलेले बरे, विशेषतः शस्त्रक्रियेची तारीख जवळ असेल तेव्हा.